कीबोर्ड जोडला, पण लॅपटॉप ओळखेना



या अंकात जो पाठ घेतला आहे तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातला नाही. गेल्या काही काळात शाळेत, तसेच बऱ्याच घरांतही, यूएसबीवर चालणारे संगीताचे कीबोर्ड आले आहेत. मुलांना त्यांची आवड लागली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर एक तक्रार वारंवार कानावर येते. "सर, कीबोर्डचा दिवा लागतो, पण लॅपटॉप त्याला ओळखतच नाही. पीस खराब निघाला वाटतं." मग कोणी तो सोलापूरला नेतो, कोणी लातूरला, कोणी हैदराबादला. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठूनही निघा, पूर्ण दिवस जातो, बसभाडे जाते, आणि पुष्कळदा कारागीर पाच मिनिटांत वायर बदलून वस्तू परत देतो. काही घरी तर कीबोर्ड तसाच कपाटावर चढला आणि मुलाचे शिकणे थांबले. पैशाच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मला जास्त मोठे वाटते.

आता दिवा लागतो आणि तरीही लॅपटॉप ओळखत नाही, हे कसे काय? याचे उत्तर समजण्यासाठी आधी आपली पेटी डोळ्यांसमोर आणू या.

पेटी आणि कीबोर्ड

भजनी मंडळातली पेटी दुरुस्तीसाठी उघडलेली ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की पट्टी दाबली म्हणजे आतली झडप उघडते, भात्यातली हवा पितळी सुरावरून जाते आणि सूर वाजतो. पट्टी, हवा आणि सूर ही तिन्ही कामे एकाच खोक्यात होतात. यूएसबी कीबोर्डचा एक मोठा वर्ग असा आहे की ज्याच्यात फक्त पट्ट्या असतात. त्याला कंट्रोलर म्हणतात. त्याच्या पोटात सूर नाहीत, स्पीकरही नाही. सूर असतात लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे पट्ट्या इकडे आणि सूर तिकडे, मधे फक्त एक वायर. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कित्येक जण नवा कंट्रोलर घरी आणतात, बटण लावतात, आवाज येत नाही म्हणून त्याच दिवशी परत करायला निघतात!

पट्टी दाबल्यावर कीबोर्ड लॅपटॉपला आवाज पाठवत नाही, निरोप पाठवतो. या निरोपात आकडे असतात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, आणि हात केव्हा उचलला. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मध्य सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. जोरासाठीही १ ते १२७ असे मोजमाप आहे. या निरोपांच्या भाषेचे नाव मिडी.

ही भाषा कशी जन्मली ते थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचे विजेवरचे वाद्य आपलीच बोली बोलत असे, एकाचे दुसऱ्याला समजत नसे. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये सर्वांसमक्ष एकमेकांना जोडून दाखवली गेली. एकाची पट्टी दाबली की दुसरे वाजे. बिदरच्या बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे दखनीत सौदा करतात, तसेच हे काम आहे. या कार्यासाठी दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी सन्मान मिळाला. पुढे १९९६ मध्ये यूएसबी आले. ते घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या चमूत आपले अजय भट्ट होते, ज्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. १९९९ मध्ये मिडीचे निरोप यूएसबीच्या वायरीतून कसे न्यायचे याचा नियम ठरला. हा नियम पाळणाऱ्या कीबोर्डला वेगळी सीडी किंवा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स या सर्वांत त्याची सोय आधीपासून आहे. खोक्यावर 'क्लास कम्प्लायंट' किंवा 'प्लग अँड प्ले' असे छापलेले असते ते यासाठीच.

ओळख होते म्हणजे काय होते

हिंदीत जान-पहचान असा जोडशब्द आहे. लॅपटॉप आणि कीबोर्ड यांच्यातही आधी पहचान होते आणि नंतर जान, आणि बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते कळले की अर्धे काम झाले असे समजा.

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळ्या तारेतून ५ व्होल्ट वीज जाते. हिरव्या आणि पांढऱ्या तारेतून बोलणे होते. कीबोर्ड लावला की लाल-काळ्या तारेने त्याला वीज मिळते आणि दिवा लागतो. येथपर्यंत ओळखीचा काहीही संबंध नाही. त्यानंतर कीबोर्ड एका बोलत्या तारेवर थोडा विद्युतदाब चढवतो. वर्गात मुलाने हात वर करावा तसे हे आहे. लॅपटॉप तो हात पाहतो आणि शाळेत नवीन विद्यार्थी आल्यावर आपण विचारतो तेच प्रश्न विचारतो. तू कोण, कोणत्या कंपनीचा, काम काय करतोस, वीज किती लागेल? मग त्याला १ ते १२७ मधला एक हजेरी क्रमांक देतो. कीबोर्डने सांगितले की मी मिडीवाला आहे, तर लॅपटॉप त्या कामाचा ड्रायव्हर जोडून देतो. हे सर्व एखाद्या सेकंदात उरकते.

आता विचार करा. वायरीत हिरवी-पांढरी तार नसेलच तर? दिवा लागेल, पण हात वर झालेला लॅपटॉपला दिसणारच नाही. बाजारात अशा वायरी पुष्कळ मिळतात. पॉवर बँक, ट्रिमर, टॉर्च यांच्याबरोबर येणाऱ्या कित्येक वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारख्या. आमच्या संगीताच्या तासाला हेच घडले होते. मोठी माणसे लॅपटॉपमध्ये सेटिंग शोधत बसली होती आणि सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ही वायर तर टॉर्चची आहे." कार्यालयातून प्रिंटरची वायर आणून लावली आणि कीबोर्ड लगेच यादीत दिसू लागला. पुष्कळ कीबोर्डना मागे चौकोनी तोंड असते, तेथे प्रिंटरचीच वायर बसते. म्हणून तपासणी करताना ती पहिल्यांदा मागून घ्या, कारण की ती निरोप नेते हे आपल्याला आधीच माहीत असते. प्रिंटर कालपर्यंत छापत होता, हाच पुरावा.

तपासाचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदला. हा नियम विज्ञानाच्या प्रयोगातही आहे आणि येथेही आहे. वायर, तोंड आणि सॉफ्टवेअर तिन्ही एकदम बदलले आणि कीबोर्ड चालू झाला तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच गोंधळ.

वायर बदलूनही काम झाले नाही तर लॅपटॉपचे दुसरे तोंड वापरून पाहा. काही जुने कीबोर्ड निळ्या रंगाच्या यूएसबी ३ तोंडात रुसतात आणि साध्या काळ्या तोंडात सुरळीत चालतात. मधे हब लावला असेल तर काढून टाका. यूएसबी २ चे तोंड ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देते. पण ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही तो तेवढ्यातच सगळ्यांची वाटणी करतो आणि एकेका तोंडाला साधारण १०० मिलिअँपिअरच येतात. रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या कीबोर्डला ते पुरत नाहीत. असा कीबोर्ड ओळखला जातो, सुटतो, पुन्हा ओळखला जातो, असा खेळ चालतो. वायर पाच मीटरपेक्षा लांब नको. रंगमंचावरून खालच्या टेबलापर्यंत नेण्यासाठी दोन वायरी जोडून लांबवण्याची सवय आहे, ती सोडावी.

आपल्याकडची धूळही विसरू नका. बिदरची लाल जांभ्याची माती आणि कलबुर्गीकडे शहाबादी दगडाची बारीक पूड, दोन्ही यूएसबीच्या तोंडात जाऊन बसतात. वीज बंद करून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. तेल, रॉकेल, ओले फडके यांपैकी काहीही लावू नका.

याउपर तपासायचे ते लॅपटॉपमध्ये. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर माऊसचे उजवे बटण दाबले की 'डिव्हाइस मॅनेजर' दिसते. ते उघडून ठेवा आणि कीबोर्डची वायर काढून पुन्हा लावा. यादी हलते का ते पाहा. अजिबात हलली नाही तर निरोप पोहोचतच नाही, म्हणजे दोष वायर, तोंड किंवा कीबोर्डमध्ये आहे. तेव्हा ड्रायव्हर शोधत बसू नये. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या शीर्षकाखाली कीबोर्डचे नाव, किंवा नुसते 'यूएसबी ऑडिओ डिव्हाइस' असे आले तर ओळख झाली. नाव वेगळे दिसले म्हणून घाबरू नका. आणि जर 'अननोन यूएसबी डिव्हाइस' असे येऊन पुढे 'डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' लिहिलेले असेल तर हात वर झाला, पण "तू कोण" या प्रश्नाचे उत्तर नीट आले नाही. येथेही पहिला संशय वायर आणि वीज यांच्यावर घ्यावा.

पिवळी खूण दिसली तर त्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने अडचण कळवली म्हणून विंडोजने त्याला थांबवले. या नोंदीवर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून वायर काढा, लॅपटॉप रिस्टार्ट करा आणि मग वायर लावा. येथे रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच. विंडोज ८ पासून पुढे 'शट डाउन' केल्यावर 'फास्ट स्टार्टअप'मुळे आतली बरीच स्थिती जशीच्या तशी साठवली जाते आणि सकाळी तीच परत येते. "बंद करून चालू केला, तरी तेच" या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते.

काही कीबोर्ड १९९९ चा तो सामान्य नियम पाळत नाहीत, त्यांना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. पालकांनी येथे फार सावध राहावे. ड्रायव्हर शोधताना "तुमचे १७ ड्रायव्हर जुने आहेत, आता दुरुस्त करा" असे दाखवणारी पाने समोर येतात. त्यांतले पुष्कळ निव्वळ पैसे काढण्याचे उद्योग असतात, काही तर व्हायरस घरात आणतात. ज्या लॅपटॉपवर आपण बँकेचे काम करतो त्यावर मुलाला असे काही उतरवू देऊ नका. मुलांनीही घरी विचारल्याशिवाय 'ओके' दाबू नये.

जे पालक आवाज असलेला मोठा कीबोर्ड घेतात त्यांच्यासाठी एक सूचना. त्याच्या मागे कधी कधी यूएसबीची दोन तोंडे असतात. 'टू होस्ट' लिहिलेले तोंड लॅपटॉपसाठी आणि 'टू डिव्हाइस' लिहिलेले पेनड्राइव्हसाठी. दुसऱ्यात वायर लावून लॅपटॉप ओळखेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

आणि आता सर्वांत सोपी कसोटी, जी खेड्यातल्या घरीही होऊ शकते. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून पुढच्या बहुतेक मोबाइलना मिडी समजते. ओटीजीचा छोटा जोड घ्या, कीबोर्ड मोबाइलला लावा, मिडी चालणारे एखादे पियानोचे अ‍ॅप उघडा. मोबाइलवर वाजला तर कीबोर्ड आणि वायर दोन्ही निर्दोष आहेत, दोष लॅपटॉपकडे आहे. मग कीबोर्ड घेऊन सोलापूरला जाण्याचे काहीच कारण उरत नाही. मोबाइलवर नाही वाजला तर मात्र लगेच निकाल देऊ नका, कारण की मोबाइल वीज कमी देतो. दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर पाहून मगच ठरवा.

ओळखला, पण वाजेना

यादीत नाव आले तरी आवाज येईलच असे नाही. वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'मिडी इनपुट' म्हणून आपला कीबोर्ड निवडावा लागतो. विंडोजच्या जुन्या पद्धतीत मिडीचे एक दार बहुधा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळते. आधी उघडलेल्या दुसऱ्या प्रोग्रामने किंवा ब्राउझरने ते धरून ठेवले असेल तर आपल्याला नकार येतो. म्हणून बाकी सर्व बंद करा, कीबोर्ड आधी लावा आणि सॉफ्टवेअर नंतर उघडा. पट्टी दाबताच पडद्यावर मिडीची खूण चमकते पण आवाज नाही, असे असेल तर निरोप पोहोचला आहे, अडचण स्पीकरच्या निवडीत आहे.

गमतीचे प्रकारही होतात. पट्टी दाबली की सा ऐवजी ढोल आणि झांज वाजू लागतात! मिडीत १६ चॅनेल असतात आणि त्यांतले दहावे प्रथेप्रमाणे तालवाद्यांसाठी ठेवलेले आहे. कीबोर्ड दहाव्यावर गेला असेल तर पहिल्यावर आणा. ऑक्टेव्हचे बटण चुकून चार-पाच वेळा दाबले गेले तर सूर इतका खाली किंवा वर जातो की वाजत नाही असेच वाटते. सगळे सूर एकाएकी हलल्यासारखे वाटले तर डावीकडचे पिच बेंडचे चाक पाहा. हे चाक मात्र निरुपयोगी समजू नका. पेटीवर मींड निघत नाही हा तिच्यावरचा जुना आक्षेप, आणि आकाशवाणीवर तर १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला बंदी होती. त्या आधीच गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला होता, आणि बंदी असतानाही पेटी भजनातून काही गेली नाही. या चाकाने साधारणपणे दोन पट्ट्यांइतका सूर वर-खाली सरकवता येतो. आपल्या रागदारीच्या दृष्टीने त्याचा अभ्यास करण्यासारखा आहे.

शेवटची मोठी तक्रार उशिराची. पट्टी आता दाबली आणि सूर क्षणभराने आला. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे तेवढा उशीर तीन-चार पावलांवर बसलेल्या पेटीवाल्याइतकाच, तो चालतो. परंतु विंडोजची नेहमीची आवाजाची वाट याहून पुष्कळ जास्त वेळ घेऊ शकते. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'अ‍ॅसिओ' हा पर्याय असेल तर तो निवडा आणि 'बफर' आवाज तुटणार नाही इतपत कमी करा. ब्लूटूथचा स्पीकर तर वाजवण्यासाठी वापरूच नये. त्यात उशीर १०० मिलिसेकंदांच्याही वर सहज जातो आणि तबल्याशी मेळ बसत नाही. स्नेहसंमेलनात प्रार्थना किंवा नाडगीत कीबोर्डवर वाजवायचे असेल तर लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत वायरच न्यावी. स्पीकरमध्ये घूं असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पाहा. आवाज गेला तर बोर्डाचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर हे काम त्याच दिवशी करावे. तोवर मुलांना त्या बोर्डावर वाजवू देऊ नये.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. डेडस्टॉक नोंदवहीत कीबोर्ड लिहिला जातो, पण त्याची वायर आणि अडॅप्टर लिहिले जात नाहीत. ते चार्जरच्या डब्यात मिसळतात आणि वर्षभराने कीबोर्ड "नादुरुस्त" म्हणून निर्लेखनाच्या यादीत येतो. यापुढे तिन्ही वस्तूंना एकच क्रमांक द्यावा, वायरीला कापडी पट्टी बांधून तो क्रमांक लिहावा, आणि कोणतीही वस्तू निर्लेखित करण्याआधी दुसरी वायर, दुसरा लॅपटॉप व मोबाइल या तिन्हींवर तपासून संगीत शिक्षकांची सही घ्यावी. नवीन खरेदी करताना 'क्लास कम्प्लायंट' असलेलाच कीबोर्ड घ्यावा, म्हणजे उद्या लॅपटॉप बदलला तरी ड्रायव्हरसाठी अडून राहणार नाही.

एवढे करूनही दोष कीबोर्डमध्येच निघाला तर बहुतेक वेळा मागचे यूएसबीचे तोंड आतून सैल झालेले असते. वायर हलवली की जोडणी येते-जाते, ही त्याची खूण. ते नवीन डाग देऊन बसवावे लागते आणि हे काम आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीरही करू शकतो. त्याच्याकडे नेताना कीबोर्डबरोबर आपली वायर न्या आणि एका कागदावर लिहून द्या की कोणकोणत्या वायरींवर, तोंडांवर आणि लॅपटॉपवर पाहिले आणि प्रत्येक वेळी काय दिसले.